हरलेल्या बाजूचे निबंधही वाचा!

अमेरिकेच्या राज्यघटनेचा विषय निघाला की लोक 'फेडरलिस्ट पेपर्स' सुचवतात. हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे या तिघांनी 'पब्लियस' या एकाच टोपणनावाने लिहिलेले ८५ लेख. उत्तमच आहेत, पण ती वकिलाची एकतर्फी बाजू झाली!

समोर घटनेला विरोध करणारा 'ब्रूटस' होता. हेही टोपणनावच, खरा लेखक कोण, यावर अभ्यासक अजून भांडतात. त्याचा पहिला लेख ऑक्टोबर १७८७ चा. एवढ्या अवाढव्य देशात प्रजासत्ताक टिकेल का, हा त्याचा सवाल. पुढे त्याने न्यायव्यवस्थेवर बोट ठेवलं: घटनेचा अर्थ न्यायाधीशच लावणार, मग त्यांना आवरणार कोण? हे वाचून लगेच फेडरलिस्ट क्रमांक ७८ काढा. हॅमिल्टन म्हणतो, न्यायालयाच्या हाती ना तलवार ना तिजोरी, घाबरायचं कशाला? मला विचाराल तर इथे ब्रूटसची नजर जास्त लांबची होती.

आणि घटना मंजूर करायची की नाही, यावरचं राज्यांमधलं मतदान किती अटीतटीचं! मॅसॅच्युसेट्स १८७ विरुद्ध १६८, व्हर्जिनिया ८९ विरुद्ध ७९, न्यूयॉर्क ३० विरुद्ध २७. व्हर्जिनियात विरोधकांपैकी पॅट्रिक हेन्रीने तर घटनेच्या 'आम्ही लोक' या सुरुवातीच्या शब्दांवरच हरकत घेतली. 'आम्ही राज्ये' का नाही म्हणून.

विरोधक हरले खरे. पण नागरिकांच्या हक्कांची सनद हवी, हा त्यांचाच हट्ट. हॅमिल्टनने क्रमांक ८४ मध्ये ती अनावश्यक ठरवली होती. १७८९ मध्ये ती काँग्रेसमध्ये मांडली कोणी? पब्लियसमधल्याच मॅडिसनने!