चुकलेल्या क्लिकला मिळणारं उत्तर

जुने गेम पुन्हा खेळताना : भाग ९

मागच्या भागात आपण ‘मॅनियॅक मॅन्शन’पर्यंत आलो होतो. १९८७ साली रॉन गिल्बर्ट आणि गॅरी विनिक यांनी लुकासफिल्म गेम्समध्ये तो घडवला. त्याच्यासाठी लिहिलेल्या ‘स्कम’ या प्रणालीमुळे खेळणाऱ्याची वाक्यं टाइप करण्यातून सुटका झाली. पडद्याच्या खालच्या पट्टीत क्रियापदं असायची : उघड, उचल, ढकल, दे, वापर. वर खोलीचं चित्र असायचं. आधी क्रियापदावर क्लिक करायचं, मग वस्तूवर. पॉइंट-अँड-क्लिक हे नाव पुढे सर्वांच्या तोंडी बसलं ते या पद्धतीमुळे. आज त्याच परंपरेतले, पण प्राणी बोलतात असे गेम घेऊ. लहान मुलांसाठी काढलेले म्हणून ते अनेकदा बाजूला टाकले जातात. मला मात्र वाटतं, की या प्रकाराचं मर्म सगळ्यात चांगलं कळलं ते याच गेमना.

थोडा हिशेब मांडून पाहा. खेळणाऱ्याच्या खिशात पंधरा वस्तू आहेत आणि समोरच्या पडद्यावर दहा. नुसतं ‘वापर’ हे एकच क्रियापद धरलं तरी दीडशे जोड्या होतात. त्यांतल्या दोन-तीन बरोबर, बाकीच्या सगळ्या चूक. म्हणजे खेळणारा बहुतेक वेळ चुकतच असतो. अशा वेळी बऱ्याच गेमांचा नायक एकच ठरीव वाक्य म्हणतो : हे जमणार नाही. ते वाक्य विसाव्यांदा ऐकलं की माणूस कंटाळतो आणि उत्तरांची यादी शोधू लागतो.

यात आणखी एक अडचण आहे. नायक गंभीर प्रकृतीचा गुप्तहेर असेल, तर मासा टेलिफोनला लावून पाहणं त्याच्या स्वभावाला शोभत नाही. खेळणारा मात्र तेच करणार, कारण करून पाहिल्याशिवाय कोडं सुटत नाही. अशाने पात्र एका दिशेला जातं आणि खेळणाऱ्याचे हात दुसऱ्या. सूट घातलेला कुत्रा रस्त्यावरून चाललाय आणि कुणाला त्याचं नवल वाटत नाही, असं जग एकदा उभं केलं की ही फट बुजते. तिथे मासा टेलिफोनला लावणं हे त्या जगाच्या रीतीला धरूनच असतं.

याचा सर्वांत उत्तम नमुना म्हणजे १९९३ चा ‘सॅम अँड मॅक्स हिट द रोड’. स्टीव्ह पर्सेल या चित्रकाराने ही जोडी कॉमिकमध्ये आणली, तिचा पहिला अंक १९८७ साली निघाला. पात्रांची मूळ कल्पना त्याच्या धाकट्या भावाची. पर्सेल पुढे लुकासआर्ट्समध्ये, म्हणजे लुकासफिल्म गेम्सच्याच कंपनीत, नोकरीला लागला. ‘मंकी आयलंड’च्या पहिल्या गेमच्या खोक्यावरचं चित्र त्याचंच. सॅम आणि मॅक्स कंपनीच्या वार्तापत्रात चित्रपट्टीतून झळकू लागले आणि शॉन क्लार्क, मायकेल स्टेमली व कॉलेट मिशो यांच्याबरोबर पर्सेलने त्यांचा गेम केला. सॅम हा सहा फुटी कुत्रा, ढगळ सूट आणि हॅट घालणारा, शांतपणे लांबलचक वाक्यं बोलणारा. मॅक्स पांढरा, सशासारखा, अंगावर एक कपडा नाही, तोंडभर दात आणि कधी काय करेल याचा नेम नाही. आपल्या पंचतंत्रातले करटक-दमनक बोलतात ते नीती सांगण्यासाठी. सॅम आणि मॅक्सला कुणाला काही शिकवायचं नाही. ते बोलतात कारण दोघांना एकमेकांशी बोलायला आवडतं.

गेमच्या सुरुवातीचाच प्रसंग बघा. कमिशनरचा फोन येतो, दोघं ऑफिसबाहेर रस्त्यावर येतात. कामगिरीचा कागद घेऊन येणारा हरकाम्या म्हणजे एक मांजर आणि कागद तिच्या पोटात. आता काय? सॅमच्या सामानात इतर वस्तूंबरोबर मॅक्सच्या चेहऱ्याचंही एक चित्र असतं. ते उचलायचं आणि मांजरीवर टेकवायचं. पुढचं काम मॅक्स करतो आणि कागद हाती येतो. पहिल्या काही मिनिटांत गेम आपल्याला सांगून टाकतो, की तुमचा जोडीदार हेसुद्धा तुमच्याकडचं एक हत्यार आहे. त्यानंतर मी तरी जे दिसेल त्यावर मॅक्सला लावून पाहिलं. बहुतेक ठिकाणी काहीच साधत नाही, पण सॅम का नाही म्हणतोय किंवा मॅक्सला त्याबद्दल काय वाटतं, हे ऐकायला मिळतं. कोडं जिथल्या तिथेच राहतं आणि तरीही वेळ वाया गेल्यासारखा वाटत नाही.

हे साधण्यासाठी मांडणीत दोन मोठे बदल केलेले होते. पडद्याखालची क्रियापदांची पट्टी काढून टाकली. माउसचं उजवं बटण दाबलं की कर्सरच बदलतो : कधी डोळा, कधी तोंड, कधी हात, कधी पाय. त्यामुळे चित्राला पूर्ण पडदा मिळाला. दुसरा बदल संवादांचा. त्याआधीच्या गेममध्ये नायक काय बोलणार ती वाक्यं आधी छापून यायची आणि त्यांतलं एक आपण निवडायचो. इथे वाक्यांच्या जागी चिन्हं आली : प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह, विषयांची छोटी चित्रं आणि भलतंच काहीतरी बोलायचं असेल तर एक रबरी बदक. कारण साधं होतं. विनोद आधी वाचला की नंतर ऐकताना त्यात काही उरत नाही. सीडीवरच्या आवृत्तीत सगळ्या पात्रांना आवाज होते. सॅमचा आवाज बिल फार्मरचा, डिस्नेच्या गूफीला आवाज देणारा तोच हा कलाकार. मॅक्सला निक जेमसनने आवाज दिला. बदकावर क्लिक केलं की सॅम काय बोलेल हे आपल्यालाही ठाऊक नसतं, त्यामुळे आपणच बोलतोय आणि आपणच चकित होतोय, असा अनुभव येतो. संवाद हाताळण्याची याहून शहाणी रीत मला त्या काळातल्या दुसऱ्या कुठल्या गेममध्ये दिसलेली नाही.

कथा म्हणाल तर एका जत्रेतून ब्रूनो नावाचा बिगफूट आणि जिराफासारख्या मानेची ट्रिक्सी पळून जातात. त्यांच्या मागावर हे दोघं काळ्यापांढऱ्या डिसोटो गाडीतून अमेरिकाभर हिंडतात. वाटेत सुतळीचा जगातला सगळ्यात मोठा गुंडा आहे, मगरींच्या तळ्यावरचं गोल्फ आहे, प्रसिद्ध माणसांसारख्या दिसणाऱ्या भाज्यांचं संग्रहालय आहे. हे हवेतून आणलेलं नाही. अमेरिकेच्या महामार्गांकडेला प्रवाशांनी थांबावं म्हणून अशी आकर्षणं खरोखर उभी राहिली. मिनेसोटातल्या डार्विन गावी एका माणसाने १९५० पासून पुढे वर्षानुवर्षं एकट्याने गुंडाळलेला सुतळीचा अवाढव्य गुंडा आहे आणि कॅन्ससमधल्या कॉकर सिटीचा त्याच्याशी दावा चालतो. गेममधलं हसू त्या रस्त्यांवरच्या प्रेमातून आलंय, म्हणून ते टिकलंय.

सगळंच टिकलंय असं म्हणता येणार नाही. गेमच्या उत्तरार्धात एक विचित्र यादी पुरी करावी लागते आणि तिच्यात निसर्गप्रेमी जॉन म्यूर यांच्या चेहऱ्याचं वांगं आहे. कल्पना म्हणून वांगं अप्रतिम आहे, पण कुठली वस्तू कशासाठी लागणार हे नीट कळण्याआधी गाडी घेऊन या गावाहून त्या गावाला, प्रत्येक वस्तू प्रत्येक गोष्टीवर लावत फिरावं लागतं. तिथे दमायला होतं. चुकीच्या उत्तरांचा साठाही अखेर मर्यादितच. तो संपला की तर्काने पोचता न येणारं कोडं उघडं पडतं.

याच प्रश्नाला रॉन गिल्बर्टने वेगळं उत्तर शोधलं. १९८९ मध्येच त्याने अॅडव्हेंचर गेममधल्या दोषांवर एक परखड लेख लिहिला होता : खेळणाऱ्याला विनाकारण मारू नका, परत फिरता येणार नाही अशा कोपऱ्यात अडकवू नका. लुकासआर्ट्स सोडून १९९२ मध्ये शेली डेबरोबर त्याने ह्युमंगस एंटरटेनमेंट ही मुलांच्या गेमची कंपनी काढली आणि ‘स्कम’च वापरत राहिला. १९९४ मध्ये ‘फ्रेडी फिश’ आला. पिवळी मासोळी फ्रेडी आणि तिचा हिरवा, घाबरट मित्र ल्यूथर. ग्रॅंडमा ग्रूपरची समुद्री गवताच्या बियांची पेटी चोरीला जाते आणि बाटल्यांमधल्या चिठ्ठ्यांच्या मागावर या दोघांचा तपास सुरू होतो.

इथे क्रियापदं नाहीत, बदलणारा कर्सर नाही. फक्त एक क्लिक. पडद्यावरच्या शिंपल्यावर, दगडावर, बुडबुड्यावर कुठेही क्लिक करा, काहीतरी घडतं : कुणी गातं, कुणी शिंकतं, कुणी दचकून आत जातं. कथेशी त्याचा काही संबंध नसतो. मूल अर्धा तास एकाच पडद्यावर रमतं आणि कोडं पुढे सरकलं नाही याची त्याला खंतही नसते. चूक हा प्रकारच गेममधून काढून टाकलाय. शिवाय महत्त्वाच्या वस्तूंच्या जागा दर खेळीला बदलतात, त्यामुळे पाठ केलेल्या उत्तराचा फारसा उपयोग नाही. मराठी घरातल्या लहान मुलांना हे लावून द्यायचं तर एक अडचण येते : चिठ्ठ्यांमधले धागेदोरे इंग्रजीत बोलले जातात. कुणीतरी मोठ्याने शेजारी बसून ते मराठीत सांगावं लागतं. माझ्या अनुभवात ती अडचण न राहता सोबतीचं निमित्त होते. त्याच घराण्यातला १९९७ चा ‘स्पाय फॉक्स’ थोड्या मोठ्या मुलांसाठी. त्यातला खलनायक बकरा आहे आणि गाईचं दूध बाजारातून हद्दपार करण्याचा त्याचा कट आहे. एवढ्यावरून चव कळावी.

प्राणी बोलतात पण हसवत नाहीत, अशीही एक वाट होती. ‘इनहेरिट द अर्थ’ (१९९४, द ड्रीमर्स गिल्ड) या गेममध्ये माणूस पृथ्वीवरून नाहीसा झालेला आहे. मागे राहिलेले प्राणी दोन पायांवर चालतात, टोळ्या करून राहतात आणि माणसांच्या अवशेषांकडे भक्तिभावाने पाहतात. हवामान सांगणारा एक गोल चोरीला जातो आणि आळ येतो रिफ या कोल्ह्यावर. पुरावा काय? तो कोल्हा आहे एवढाच. त्याची प्रेयसी ओलीस ठेवली जाते आणि एक सांबर व एक रानडुक्कर पहारेकरी म्हणून बरोबर देऊन त्याला शोधाला धाडलं जातं. खेळ म्हणून यात उणिवा आहेत. वरून तिरक्या कोनात दाखवलेली चक्रव्यूहासारखी रानं कंटाळवाणी आहेत आणि चुकीच्या क्लिकला मिळणारी उत्तरं कोरडी आहेत. पण जातीवरून चोर ठरवल्या गेलेल्या कोल्ह्याच्या डोळ्यांनी एक अख्खं जग पाहणं हा अनुभव मला दुसऱ्या कुठल्या प्राणी-गेमने दिला नाही. तो अधिक लोकांनी खेळायला हवा होता.

पुढचा इतिहास थोडक्यात. सॅम आणि मॅक्सचा दुसरा गेम लुकासआर्ट्सने मार्च २००४ मध्ये अर्ध्यात बंद केला. तिथून बाहेर पडलेल्या लोकांनी टेलटेल ही कंपनी काढली आणि ऑक्टोबर २००६ पासून ही जोडी मालिकेसारखी भागाभागांत परत आणली. त्या पहिल्या मालिकेची डागडुजी करून स्कंकेप गेम्सने २०२० मध्ये नवी आवृत्ती काढली. तिचा उजेड आणि रंग खरोखर सुंदर आहेत. हंगेरीचा ‘चिकन पोलिस’ (२०२०) हा कोंबडा-गुप्तहेरांचा कृष्णधवल गेमही याच वंशातला.

मूळ गेम आज चालतात ते बव्हंशी स्कमव्हीएम या प्रोग्राममुळे. २००१ मध्ये लुडविग स्ट्रिजिअस आणि व्हिन्सेंट हाम यांनी हे काम सुरू केलं. यातली युक्ती समजून घेण्यासारखी आहे. ‘स्कम’वरचे गेम थेट यंत्राच्या भाषेत लिहिलेले नव्हते. दारं, मांजरी, संवाद हे सगळं एका स्वतंत्र भाषेत मांडलेलं होतं आणि ती वाचून दाखवणारा एक छोटा वाचक कॉम्प्युटरवर चालायचा. तेव्हा जुना कॉम्प्युटर पुन्हा उभा करण्याची गरज नाही. तो वाचक नव्याने लिहिला की मूळ फाइली आजच्या फोनवरही चालतात. पुढे इतर कंपन्यांच्या गेमसाठीही त्यात वाचक जोडले गेले, ‘इनहेरिट द अर्थ’ त्यांपैकी एक. हे सगळं लोकांनी फावल्या वेळात, फुकट केलं आहे. निन्टेन्डो वीवर ह्युमंगसच्या तीन गेमच्या ज्या आवृत्त्या आल्या त्यांत हेच काम श्रेय न देता वापरल्याचं उघड झालं आणि ते प्रकरण २००९ मध्ये तडजोडीने मिटलं.

खेळायचं असेल तर ‘हिट द रोड’ २०१४ पासून जीओजीवर विकत मिळतो, ह्युमंगसचे गेम स्टीमवर आहेत. सीडीची, आवाज असलेली आवृत्तीच घ्या. मजकूर दाखवण्याचा पर्याय पहिल्यांदा बंद ठेवा, विनोद कानावर येऊ द्या. आणि उत्तरांची यादी शेजारच्या खिडकीत उघडून बसू नका. यादी हातात घेऊन खेळलं तर फक्त बरोबर क्लिकांची उत्तरं ऐकू येतात, आणि या लोकांनी लिहिलेल्या संवादांचा मोठा हिस्सा चुकीच्या क्लिकांसाठी आहे. अडलात तर मॅक्सला सगळ्यांवर लावून बघा, बदकावर क्लिक करा, दुसऱ्या गावाला जाऊन या. तरीही दोन संध्याकाळी काही हाललं नाही तर वांग्यापुरती यादी पाहायला माझी हरकत नाही.