स्मृतीची राखण

दिवेलागणीची वेळ असते. आई विचारते, "आज वार कोणता?" आपण सांगतो. दहा मिनिटांनी तोच प्रश्न पुन्हा येतो, मग तिसऱ्यांदा येतो. उत्तर देताना आपला आवाज किंचित चढतो आणि पुढच्याच क्षणी मनाला टोचणी लागते. रात्री निजताना दोन प्रश्न उशाशी येऊन बसतात. 'आम्ही वेळीच लक्ष दिले असते तर हे टळले असते का?' हा पहिला. दुसरा कुणापाशी बोलून दाखवला जात नाही: 'उद्या माझेही असेच होणार का?'

ज्यांच्या घरात स्मृतिभ्रंशाने पाऊल टाकले आहे, त्यांना हे दोन्ही प्रश्न परिचयाचे आहेत. भारतात साठी ओलांडलेल्या व्यक्तींपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशासह जगत आहेत, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात मांडण्यात आला. त्या प्रत्येकामागे एक कुटुंब आहे. म्हणूनच या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी गेली काही वर्षे सातत्याने झटणाऱ्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या कार्याची ओळख आज करून घेऊ.

तंबाखूच्या गावातील वैद्यकशाळा

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात विन्स्टन-सेलम नावाचे शहर आहे. एकेकाळी ते तंबाखूच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होते. वेक फॉरेस्ट विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय १९०२ मध्ये दुसऱ्या गावी सुरू झाले आणि १९४१ मध्ये या शहरात आले. या स्थलांतराला आधार मिळाला तो एका तंबाखू कंपनीच्या प्रमुखाने मागे ठेवलेल्या देणगीचा. तंबाखूच्या पैशातून आरोग्याची शाळा उभी राहावी, हा योगायोग विलक्षणच म्हणावा लागेल.

आज ही संस्था वार्धक्याच्या अभ्यासासाठी ओळखली जाते. तिच्या संशोधनाचा बराच भाग प्रयोगशाळेच्या चार भिंतींबाहेर, गावातल्या आणि वस्तीतल्या सामान्य वृद्धांबरोबर चालतो. 'नवे औषध कोणते?' या प्रश्नाबरोबरच 'माणसाच्या रोजच्या जगण्यात काय बदलले तर त्याचे पाय आणि त्याची बुद्धी अधिक काळ साथ देतील?' हा प्रश्नही तेथे तितक्याच गांभीर्याने विचारला जातो. त्यातील तीन अभ्यास आपल्या वाचकांनी समजून घेण्याजोगे आहेत.

पहिला अभ्यास: चारशे मीटर

कुणाच्याही मदतीशिवाय चारशे मीटर चालता येणे, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत किंवा देवळापर्यंत जाऊन परत येणे. तेवढे जमेनासे झाले की माणूस घरात अडकतो आणि हळूहळू परावलंबी होतो.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'लाइफ' नावाच्या अभ्यासात ७० ते ८९ वयाचे १,६३५ वृद्ध सहभागी झाले होते. नेतृत्व फ्लोरिडा विद्यापीठाचे होते; वेक फॉरेस्टने सहभागी केंद्र म्हणून, तसेच माहितीचे संकलन व विश्लेषण करणारे केंद्र म्हणून काम पाहिले. निवडलेले सारे वृद्ध बैठी जीवनशैली असलेले आणि शरीराने काहीसे दुबळे, परंतु अद्याप चारशे मीटर चालू शकणारे होते. निम्म्यांना चालण्याचा, पायांचे बळ वाढवण्याचा आणि तोल सांभाळण्याचा नियमित व्यायाम दिला गेला. आठवड्याला सुमारे १५० मिनिटे चालणे हे त्यांचे उद्दिष्ट होते. उरलेल्यांसाठी आरोग्यविषयक व्याख्याने झाली.

सरासरी अडीच वर्षांहून थोड्या अधिक काळात व्याख्याने ऐकणाऱ्या गटातील ३५.५ टक्के व्यक्तींची चारशे मीटर चालण्याची क्षमता हरपली. व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण ३०.१ टक्के राहिले. फरक डोळे दिपवणारा नाही, परंतु सहभागींचे सरासरी वय एकोणऐंशीच्या घरात होते, हे ध्यानात घ्यावे. 'आता या वयात काय व्यायाम करायचा?' या नेहमीच्या उद्गाराला यातून उत्तर मिळते.

दुसरा अभ्यास: रक्तदाबाचा मेंदूशी संबंध

'स्प्रिंट' नावाच्या मोठ्या चाचणीचे समन्वय केंद्र वेक फॉरेस्टमध्येच होते. पन्नाशी ओलांडलेल्या, उच्च रक्तदाब असलेल्या ९,३६१ व्यक्ती तीत होत्या. एका गटात वरचा रक्तदाब १४० च्या खाली, तर दुसऱ्या गटात १२० च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न झाला. दुसऱ्या गटात हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या गंभीर घटना आणि मृत्यू इतके कमी आढळले, की २०१५ मध्ये ही चाचणी नियोजित मुदतीआधीच थांबवण्यात आली.

याच चाचणीतील स्मृतीविषयक निष्कर्ष २०१९ मध्ये आले. रक्तदाब अधिक काटेकोरपणे आटोक्यात ठेवलेल्या गटात सौम्य बोधनदोषाचे, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या अलीकडच्या पायरीचे प्रमाण १९ टक्क्यांनी कमी होते. प्रत्यक्ष स्मृतिभ्रंशाच्या बाबतीतही आकडा घटीकडे झुकलेला होता, परंतु ती घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर सिद्ध झाली नाही. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांवर वर्षानुवर्षे दाब वाढलेला राहिला, की त्या कठीण व अरुंद होतात आणि मेंदूचे लहान-लहान भाग उपाशी राहू लागतात. म्हणून हृदयाला जे मानवते, ते बहुधा मेंदूलाही मानवते.

येथे सावधगिरीचा शब्द अत्यावश्यक आहे. या चाचणीत मधुमेही आणि पक्षाघात होऊन गेलेल्या व्यक्तींना घेतलेले नव्हते. रक्तदाब फार खाली आणलेल्या गटात भोवळ येणे, क्षारांचे प्रमाण बिघडणे, मूत्रपिंडावर ताण येणे हे प्रकार अधिक झाले. त्यामुळे १२० हा आकडा प्रत्येक आजी-आजोबांसाठी नाही. औषधाची मात्रा स्वतःच्या मनाने वाढवू नये आणि 'आता बरे वाटते' म्हणून गोळी बंदही करू नये. आपल्या माणसासाठी योग्य आकडा कोणता, हे त्याच्या डॉक्टरांनीच ठरवावे.

तिसरा अभ्यास: दोन वर्षांची साधना

अगदी अलीकडचा आणि सर्वाधिक चर्चिला गेलेला अभ्यास म्हणजे 'यूएस पॉइंटर'. त्याचे नेतृत्व वेक फॉरेस्टच्या डॉ. लॉरा बेकर यांनी केले. निष्कर्ष जुलै २०२५ मध्ये जाहीर झाले. प्रेरणा फिनलंडमधील अशाच एका यशस्वी प्रयोगाची होती. तेथे जे साधले ते अमेरिकेतील निरनिराळ्या वंशांच्या आणि राहणीमानाच्या लोकांत साधेल का, हे पाहायचे होते. ६० ते ७९ वयाच्या २,१११ व्यक्ती पाच ठिकाणांहून निवडल्या गेल्या. त्यांना स्मृतिभ्रंश नव्हता. परंतु बैठे जीवन, सदोष आहार आणि त्याखेरीज घराण्यातील स्मृतिदोषाचा इतिहास, वाढलेला रक्तदाब वा साखर यांसारख्या कारणांमुळे पुढे धोका संभवत होता.

पहिल्या गटाला आखीव कार्यक्रम दिला गेला. आठवड्यातून चार दिवस ३० ते ३५ मिनिटे श्वास जलद होईल असा व्यायाम, दोन दिवस बळ वाढवणारा व्यायाम, दोन दिवस अंग ताणण्याचा व्यायाम. हिरव्या पालेभाज्या, सुका मेवा, अखंड धान्ये यांवर भर देणारा आणि साखर व तळण टाळणारा आहार. संगणकावरील बौद्धिक सराव. आणि रक्तदाब, साखर, चरबी यांची ठरावीक काळाने तपासणी. दोन वर्षांत या मंडळींच्या ३८ गटबैठका झाल्या. दुसऱ्या गटाला माहिती आणि प्रोत्साहन मिळाले. त्यांच्या बैठका केवळ सहा झाल्या आणि काय, किती करायचे हे त्यांनी स्वतःच ठरवले.

दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या स्मृती व विचारशक्तीच्या चाचण्यांतील गुण वाढलेले आढळले. आखीव कार्यक्रमाच्या गटात ही वाढ दुसऱ्यापेक्षा थोडी अधिक होती आणि तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला.

हा निष्कर्ष वाचताना पाय जमिनीवर ठेवावेत. दोन गटांतील अंतर लहान आहे. काहीही न करणारा तिसरा गट नव्हता आणि त्याच चाचण्या पुन्हा दिल्या की सरावानेही गुण थोडे वाढतात. स्मृतिभ्रंश टळला, असे दोन वर्षांच्या अभ्यासातून म्हणता येत नाही. प्रयोगात आपली ज्वारीची भाकरी वा मेथीची भाजी नव्हती, हेही खरे. तरीही एक गोष्ट ठळकपणे दिसते: साठी-सत्तरीतही सवयी बदलता येतात, आणि सोबत असली तर त्या टिकतात. दोन वर्षांच्या अखेरीस सुमारे ८९ टक्के सहभागी अभ्यासात टिकून होते, ही त्याची साक्ष.

आपल्या घरात काय करता येईल?

या तीन अभ्यासांतून आपल्या घरापुरती काही सूत्रे निघतात.

चालणे हे औषधाच्या वेळेसारखे ठरवून घ्यावे. ज्यांना सवय नाही त्यांनी दहा मिनिटांपासून आरंभ करावा आणि दर आठवड्याला थोडी भर घालावी. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणे-बसणे हा पायांचे बळ राखणारा सोपा व्यायाम आहे. मात्र खुर्ची भिंतीला टेकवलेली असावी आणि जवळ कुणीतरी असावे. छातीत दुखणे, भोवळ, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

रक्तदाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे. पाठ टेकलेली, पाऊले जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर असावा. मोजताना बोलू नये. आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवावेत. डॉक्टरांना त्या वहीचा उपयोग तोंडी सांगण्यापेक्षा अधिक होतो.

ताटात रोज एक पालेभाजी असावी. कडधान्याची उसळ आणि मूठभर शेंगदाणे वा अक्रोड असावेत. पापड, लोणचे, फरसाण यांचे स्थान ताटाच्या कडेलाच राहू द्यावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एकटे पडू नये. ज्येष्ठ नागरिक संघ, भजनी मंडळ, बागेतला कट्टा ही आपल्याकडची परंपरागत 'गटबैठक'च आहे. नवे भजन पाठ करणे, नातवंडाकडून मोबाइलमधले काही शिकणे, यांत बुद्धीला श्रम पडतात आणि मनाला सोबत मिळते.

त्या दोन प्रश्नांकडे परत

'आम्ही वेळीच लक्ष दिले असते तर?' या प्रश्नाला संशोधनाचे उत्तर दयाळू आहे. २०२४ मध्ये 'लॅन्सेट' नियतकालिकाच्या तज्ज्ञ-आयोगाने बदलता येण्याजोगी १४ जोखमीची कारणे सांगितली. त्यांत शिक्षणाचा अभाव, बहिरेपणा, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकाकीपणा आणि हवेचे प्रदूषणही आहे. ही सारी कारणे संपूर्ण समाजातून दूर झाली, तर सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू वा लांबणीवर पडू शकतील, असा आयोगाचा अंदाज आहे. हा हिशेब समाजाचा आहे, एका आईचा नाही. बालपणी शाळा न लाभणे किंवा धुराच्या चुलीपाशी आयुष्य जाणे हा तिचा दोष नव्हता आणि आपलाही नाही. अर्ध्याहून अधिक भाग तर आजही कुणाच्याच हाती नाही. तेव्हा ती टोचणी मनातून काढून टाकावी. आईला आज गरज आहे ती शांत स्वराची, ठरलेल्या दिनक्रमाची आणि सुरक्षित घराची.

'उद्या माझे काय?' या प्रश्नाचे उत्तर मात्र आपल्या हाती थोडे तरी आहे. शुश्रूषा करणारी सून, मुलगी, पत्नी वा पती स्वतः बहुधा साठीच्या आसपास असतात. म्हणजे 'पॉइंटर'मध्ये ज्यांना घेतले, नेमके त्याच वयाचे. आणि नेमके हेच लोक आपले चालणे, आपली तपासणी, आपली मैत्रीण सर्वांत आधी सोडून देतात. घरातील इतरांनी रोज अर्धा तास आईपाशी बसून त्यांना मोकळे करावे. तो अर्धा तास म्हणजे चैन समजू नये. तोही कुटुंबाच्या औषधोपचाराचाच भाग आहे.

उद्या दिवेलागणीला आई पुन्हा वार विचारील. भिंतीवर मोठ्या अक्षरांची दिनदर्शिका लावून ठेवावी, तिच्याशेजारी उभे राहून तिच्याबरोबर वार वाचावा आणि शक्य असेल तर तिचा हात धरून अंगणात दोन फेऱ्या माराव्यात. त्या फेऱ्या दोघांच्याही उपयोगाच्या आहेत.