होडीने रतनवाडी, पायी रतनगड

आम्ही श्रीरामपूरची माणसं. आमच्या उसाला पाटाचं पाणी येतं ते भंडारदऱ्याहून. म्हणून ह्यांना म्हटलं, कधीतरी त्या पाण्यावरून जाऊन बघू.

अकोले तालुक्यात प्रवरेवर भंडारदऱ्याचं हे विल्सन धरण 1926 साली पूर्ण झालं. मागे पसरला तो आर्थर जलाशय, साधारण 11 टीएमसीचा. धरणाजवळच्या शेंडी गावाहून होडी रतनवाडीच्या दिशेने निघते. रस्ताही आहे, पण वळणावळणाचा आणि लांबचा. पाण्यावरून कळसूबाई आणि रतनगड दोन्ही नजरेत राहतात. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की होडी अलीकडेच थांबते आणि पायपीट वाढते.

रतनवाडीत अमृतेश्वराचं हेमाडपंती मंदिर आहे. खांबांवरचं कोरीवकाम इतकं बारीक, की ह्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. शेजारच्या पुष्करणीत उतरायला पायऱ्या, भिंतींतल्या कोनाड्यांत विष्णूमूर्ती.

पुढे गडाची वाट दाट झाडीतून जाते. शेवटी कातळाला लोखंडी शिड्या. एकाने वर पोचून हाक द्यायची, मग दुसऱ्याने पाय ठेवायचा. गणेश दरवाजातून आत गेलं की गुहा, पाण्याची टाकी आणि माथ्यावर नेढं, म्हणजे कातळाला आरपार पडलेलं भोक. त्यात बसलं की वारा नुसता ढकलतो. समोर अलंग, मदन, कुलंग हे किल्ले.

जायचं तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी. होडीवाल्याशी परतीची वेळ आधीच ठरवा, गावातला वाटाड्या घ्या, आणि जेवणाचं रतनवाडीतच सांगून ठेवा. उतरल्यावर पिठलं-भाकरी तयार असते.