आसवारिष्टांची बाटली : रिकाम्या बाटल्यांचे संकलन आणि शुद्धी

संधान कल्पनेविषयी आपल्याकडे जे लेखन होते, त्यात द्रव्यांची निवड, गूळ-मधाचे प्रमाण, धायटीच्या फुलांचा दर्जा आणि संधानाचा काळ यांची चर्चा भरपूर असते. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात ८४ आसवांची गणना केली आणि शार्ङ्गधराचार्यांनी मध्यमखंडात आसव व अरिष्ट यांतील भेद सांगून द्रव, गूळ, मध व प्रक्षेप यांचे सामान्य मान घालून दिले. या विषयांवर आपल्या सभासदांना नव्याने काही सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु सिद्ध झालेले, गाळलेले, निवळलेले अरिष्ट ज्या बाटलीत भरले जाते, त्या बाटलीविषयी मात्र आपण क्वचितच बोलतो. स्वतःच्या रुग्णांसाठी अल्प प्रमाणात औषधनिर्माण करणाऱ्या वैद्यांच्या घरी ही बाटली अनेकदा नवी नसते. म्हणून हा विषय येथे विस्ताराने मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

जुन्या बाटलीचा वापर ही काही अलीकडची काटकसर नव्हे. काच हा पदार्थच आपल्याकडे दीर्घकाळ दुर्मीळ आणि बहुतांशी परदेशी होता. तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला आणि पुढे कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीने ‘प्रभाकर’ कंदिलाच्या रूपाने देशी काच घरोघर पोचवली, तरीही रिकामी बाटली फेकून द्यावी अशी वस्तू कित्येक वर्षे झाली नव्हती. दवाखान्यात जाताना रुग्णाने घरची बाटली बरोबर न्यावी, कंपाउंडरने तीत मिश्रण भरावे आणि मात्रा समजण्यासाठी कात्रीने दाते पाडलेली कागदी पट्टी बाहेरून चिकटवावी, हे दृश्य आपल्यापैकी ज्येष्ठांनी पाहिलेले आहे. त्या व्यवस्थेत एक मोठा गुण होता. बाटली रुग्णाच्याच घरची असल्याने तीत पूर्वी काय होते हे त्या घराला ठाऊक असे.

आज हातकणंगले परिसरात हा गुण उरलेला नाही. कोल्हापूर-सांगली रस्त्यावरील ढाबे, शिरोलीची औद्योगिक वसाहत, इचलकरंजीची दाट वस्ती आणि भोवतालची ऊस व भाजीपाल्याची शेती, या चारही ठिकाणांहून निघणाऱ्या बाटल्या शेवटी एकाच भंगाराच्या वखारीत येतात. बिअरची ६५० मिलिलिटरची तपकिरी बाटली, १८० मिलिलिटरची ‘क्वार्टर’, सरबताची, फिनेलची, बॅटरीच्या पाण्याची आणि कीटकनाशकाची बाटली एकाच पोत्यातून उतरते. काच-पत्रा वेचणाऱ्या भगिनी त्यांची निगुतीने वर्गवारी करतात. फुटक्या काचेपेक्षा अखंड बाटलीला अधिक भाव मिळतो, त्यामुळे त्यांचा हात फार जपून चालतो. पुण्यात १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीमुळे या श्रमाची दखल समाजाने थोडीफार घेतली. परंतु वर्गवारी होते ती आकाराची आणि रंगाची. त्या बाटलीत आधी कोणता द्रव होता, याची नोंद त्या पोत्यात कोठेच नसते.

येथेच खरा धोका आहे. दशमूलारिष्ट सूतिकेसाठी दिले जाते आणि अरविंदासव तान्ह्या बालकासाठी. कीटकनाशके बहुधा तेलकट द्रावणात मिसळलेली असतात. ती साध्या पाण्याने सुटत नाहीत. अरिष्टात स्वयंजात मद्य असल्यामुळे काचेला अथवा झाकणाच्या आतील चकतीला चिकटलेला असा अंश औषधात उतरण्यास साहाय्यच होते. बालकाच्या वजनाचा विचार करता अल्प अंशही उपेक्षणीय नाही. यास्तव आमचा स्पष्ट अभिप्राय असा की, भंगाराच्या वखारीतून आलेली, पूर्वेतिहास अज्ञात असलेली बाटली कितीही धुतली तरी औषधासाठी घेऊ नये. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या महापुरांनंतर वारणा-पंचगंगेच्या काठच्या घरांतून, गोठ्यांतून आणि दुकानांतून काय काय वाहून एकत्र झाले, हे या भागातील वैद्यांना सांगावयास नको. पुरातून निघालेल्या बाटल्यांचा तर विचारही करू नये.

मग वापरावी ती कोणती? आपल्याच चिकित्सालयातून गेलेली आणि रुग्णाने परत आणलेली. अशा बाटलीचा प्रवास आपणास ठाऊक असतो. तरीही मध्यंतरी घरात तिच्यात रॉकेल किंवा डोक्याला लावण्याचे तेल ठेवले गेले नाही ना, हे विचारून घ्यावे. आम्ही परत आलेल्या प्रत्येक बाटलीचे बूच काढून ती काही काळ उन्हात ठेवतो आणि मग वास घेतो. ऊन लागल्यावर लपलेला वास वर येतो. औषधाव्यतिरिक्त कोणताही वास आला तर बाटली बाद.

दुसरा वर्ग उपाहारगृहातील बिअरच्या बाटल्यांचा. त्या थेट तेथूनच, खोक्यातून, त्याच दिवशी घेतल्या तर त्यांचा इतिहास बऱ्याच अंशी ज्ञात असतो. तपकिरी काच प्रकाशापासून संरक्षण करते आणि वायूचा दाब सोसण्यासाठी ती जाड केलेली असते. पाश्चात्त्य देशांत घरच्या घरी बिअर बनवणारे हौशी लोक याच कारणाने मित्रांकडून आणि खाणावळींतून अशा बाटल्या जमवतात. ब्रिटनमध्ये १९६३ साली आणि अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने या छंदाला मोकळीक मिळाली. बाटली धुण्याविषयी त्या मंडळींनी जो अनुभव साठवला आहे, तो आपल्यालाही उपयोगी पडतो, कारण यीस्ट, शर्करा आणि अम्ल करणारे जिवाणू हे त्रिकूट दोन्हीकडे सारखेच. (आपल्याकडे परवान्याविना मद्यनिर्मिती हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, हे कोणा उत्साही वाचकाच्या ध्यानात आणून देतो.) जर्मनीत तर बिअरची बाटली ८ सेंट अनामत घेऊन दिली जाते आणि परत आल्यावर धुऊन पुन्हा भरली जाते. तेथे एकच बाटली अशा कित्येक फेऱ्या करते. आपल्याकडील गोळीसोड्याच्या बाटलीचा न्यायही हाच होता.

तथापि एक अडचण शास्त्राबाहेरची आहे. आमच्या तालुक्यात माळकरी घरे बहुसंख्य आणि बाहुबली-कुंभोज परिसरामुळे जैन कुटुंबेही पुष्कळ. बाळंतिणीच्या उशाशी बिअरची बाटली ठेवायची म्हटल्यावर, आत दशमूलारिष्ट असले तरी, घरातील वडीलधारी स्त्री ती परत पाठवते. आमच्या मते तिचे बरोबर आहे. औषधावरील श्रद्धा हाही चिकित्सेचा एक भाग असून तो चार पैशांच्या बचतीपायी गमावण्याजोगा नाही. बिअरच्या बाटल्या आम्ही केवळ घरात अरिष्ट साठवण्यासाठी ठेवतो, रुग्णास देण्यासाठी नव्हे.

आता शुद्धीकडे वळू. प्रथम काठ तपासावा. तोंडाच्या कडेवर बोट फिरवण्याऐवजी ओला कापूस फिरवावा. तंतू अडकला तर कडा फुटलेली आहे आणि बाटली बाद करावी. नंतर धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात, दर लिटरला साधारण २० ते ३० ग्रॅम या प्रमाणात, बाटल्या रात्रभर बुडवून ठेवाव्यात. कागदी लेबले सकाळी आपोआप सुटतात. प्लास्टिकच्या लेबलांचा डिंक सोड्याला दाद देत नाही. तो काढण्यासाठी रॉकेल वापरण्याची सवय काही ठिकाणी दिसते, ती सर्वथा टाळावी. खाद्यतेल चोळून मग साबणाने धुतल्यास काम होते.

तळाशी बसलेल्या किटणासाठी कॉस्टिक सोड्याचे २ टक्के द्रावण ६० ते ७० अंश सेल्सिअस उष्णतेवर वापरावे लागते. येथे सावधगिरी अत्यावश्यक आहे. सोडा पाण्यात हळूहळू घालावा, सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. ॲल्युमिनियमचे पातेले घेऊ नये, कारण कॉस्टिकने ते खाल्ले जाऊन हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू निघतो. स्टेनलेस स्टीलचे भांडे उत्तम. थंड बाटलीत कढत द्रावण एकदम ओतल्यास काच तडकते, म्हणून बाटली आधी कोमट करून घ्यावी. घासण्यासाठी लांब दांड्याचा ब्रशच हवा. बाटलीत वाळू घालून हलवण्याने आतून ओरखडे पडतात आणि त्याच ओरखड्यांत पुढे जंतू घर करतात. युरोपात एकेकाळी द्राक्षमद्याच्या बाटल्या शिशाच्या छऱ्यांनी घासत असत आणि तळाशी अडकून राहिलेल्या छऱ्यांमुळे पिणाऱ्यास शिशाची विषबाधा होत असे. शुद्धीचे साधनच दूषणाचे कारण झाल्याचे हे उदाहरण आपल्या विद्यार्थ्यांस अवश्य सांगावे. प्लास्टिकच्या बाटल्यांस हा सारा उपचार लागू नाही. त्या गरम द्रावणात आकसतात आणि घासल्याने चरे पडतात. त्या एकदाच वापराव्यात.

यानंतर स्वच्छ पाण्याने तीन-चार वेळा विसळावे. विसळणे पुरे झाले हे कसे ओळखावे? हळदीच्या पाण्यात बुडवून सुकवलेली कागदाची पट्टी घ्यावी. शेवटच्या विसळणीचे पाणी तिच्यावर टाकले असता पट्टी लालसर झाली, तर क्षार शिल्लक आहे. पिवळीच राहिली तर विसळणे पुरे झाले. सांगलीची हळद इतक्या जवळ असताना याहून सोपी परीक्षा कोणती? तेलकटपणाची परीक्षाही पाण्यानेच होते. आतील पाणी ओतून दिल्यावर काचेवर सलग पातळ थर राहिला तर काच निर्मळ, आणि थेंब थेंब होऊन तुटले तर तेलाचा अंश आहे. कूपनलिकेच्या जड पाण्याने पांढरा थर धरल्यास लिंबाच्या रसाने तो जातो.

शेवटचे विसळणे उकळून निववलेल्या पाण्यानेच करावे, याबाबत आम्ही हट्टी आहोत. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे पसरलेली काविळीची साथ या तालुक्याने सोसलेली आहे. अरिष्टातील मद्य सामान्यतः ५ ते १० टक्के असते. तेवढ्याने अरिष्ट टिकते हे खरे, परंतु अशुद्ध बाटली तेवढ्याने शुद्ध होत नाही. निर्जंतुकीकरणासाठी बाटल्या थंड पाण्यात बुडवून हळूहळू उकळी आणावी आणि २० मिनिटे उकळू द्याव्यात. ज्यांच्याकडे कोरड्या उष्णतेची भट्टी आहे त्यांनी १६० अंशांवर २ तास ठेवाव्यात. नंतर जाळीच्या घोडीवर उपड्या घालून वाळवाव्यात. फडक्याने आतून पुसू नये. पुसल्याने आतापर्यंतचे श्रम वाया जातात.

धूपनाविषयी काही वैद्यमित्र विचारतात. घृतलिप्त, धूपित पात्राचा उपदेश संधानपात्रासाठी आहे आणि तोही धुऊन कोरड्या केलेल्या पात्रास उद्देशून. मळकट बाटलीस गुग्गुळाचा धूर दिल्याने ती शुद्ध होते असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

बाटली निर्मळ असूनही अरिष्ट बिघडते, त्याची कारणे दोन. झाकण सैल राहून हवा जात राहिली तर जिवाणू मद्याचे अम्ल करतात, म्हणजे अरिष्टाचे शुक्त होते. म्हणून बाटली जुनी चालेल, बूच मात्र नेहमी नवे. दुसरे कारण घाई. संधान पूर्ण होण्यापूर्वी भरल्यास वायू निघत राहतो, आणि क्वार्टरसारखी पातळ बाटली चैत्राच्या उन्हाळ्यात फुटते. पात्राशी कान लावून सळसळ थांबल्याची आणि जळती काडी पात्राच्या तोंडाशी विझत नसल्याची खात्री करूनच गाळावे. भरताना गळ्याशी थोडी जागा सोडावी.

कायद्याची बाजू थोडक्यात. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० अन्वये स्वतःच्या रुग्णांसाठी औषध बनवणाऱ्या वैद्यांस निर्मिती-परवान्यातून सूट आहे. विक्रीसाठी बनवणाऱ्यांस २००० साली लागू झालेली अनुसूची ‘टी’ बंधनकारक असून, तीत बाटल्या धुणे व वाळवणे यांसाठी निर्मितीपासून वेगळी जागा असावी असे सांगितले आहे. बाजारात विकल्या जाणाऱ्या अरिष्टासाठी आम्ही नव्या बाटलीचाच आग्रह धरू. सोडा, इंधन, मजुरी आणि बाद ठरणाऱ्या बाटल्या यांचा हिशेब मांडला तर जुनी बाटली वाटते तेवढी स्वस्त पडत नाही, हे औषधालयचालकांनी एकदा वही घेऊन पाहावे. शिवाय अन्य कंपनीचे नाव काचेत उमटलेले असलेल्या बाटलीत आपले औषध भरणे म्हणजे नकली औषधाच्या आरोपाला निमंत्रण होय.

औषध दुकानदारांसाठी आणखी एक सूचना. मुदत संपलेल्या अथवा रिकाम्या झालेल्या औषधांच्या बाटल्या लेबल, खोके आणि झाकणासह भंगारात देऊ नयेत. नामांकित लेबलाची अखंड बाटली बनावट औषध करणाऱ्यास आयतीच हवी असते. लेबलावर काळ्या शाईने आडवी रेघ मारावी, खोके फाडावे, झाकण वेगळे टाकावे. दुकान बंद करण्यापूर्वीची पाच मिनिटे यासाठी पुरतात.