चौकट : रंग भरलेले, पण खोटे नव्हेत

जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेल्या दीर्घिकांचे रंग संगणकावर भरतात, मग त्यांच्या सौंदर्याचे कौतुक कशाला, असा आक्षेप घेतला जातो. वेब मुख्यतः डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण टिपते, हे खरेच. पण रंग मनमानीने दिलेले नसतात. निरनिराळ्या फिल्टरांतून कृष्णधवल चित्रे घेतात आणि लांब तरंगलांबीला तांबडा, आखूड तरंगलांबीला निळा, असा क्रम पाळतात. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेबच्या निरीक्षणांतून शोधलेली ‘अलकनंदा’ ही सर्पिल दीर्घिका पाहा. तिचा प्रकाश १२ अब्जांहून अधिक वर्षे प्रवास करून आला आणि विश्वाच्या प्रसरणामुळे त्याची तरंगलांबी सुमारे पाचपट ताणली गेली. म्हणजे तिथून निघालेला दृश्य प्रकाशच इथे अवरक्त होऊन पोहोचतो. त्याला रंग देणे म्हणजे हरवलेले दृश्य डोळ्यांना परत मिळवून देणे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी विश्वाचे विज्ञान मराठीत आणले, म्हणून ते विज्ञान खोटे ठरले नाही. ते आपले झाले. या रंगांचेही तसेच आहे.