तीन बटणं एकदम बंद पडली, तर आधी काय तपासाल?

पेटची तयारी करताना आपण गृहीतकाची व्याख्या पाठ करतो. पण प्रयोग बंद पडल्यावर गृहीतक तपासायचं म्हणजे हातानं नेमकं काय करायचं, हे व्याख्येत नसतं. आज त्यासाठी लॅबमधलं नाही, घरातलं उदाहरण घेऊ.

पिंपळगाव बसवंतला माझ्या मामेभावानं प्लायवूडचं आर्केड कॅबिनेट बनवलं. पूर्वी व्हिडिओ गेम पार्लरमध्ये असायचं, तसंच. (ज्या गेमला सगळे ‘मुस्तफा’ म्हणायचे, तो म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’.) एक जॉयस्टिक, सहा बटणं आणि आत आर्डुइनो लिओनार्डो बोर्ड. हा बोर्ड कॉम्प्युटरला कीबोर्ड म्हणून ओळख देतो.

आता जोडणी समजून घ्या. प्रत्येक बटणाखाली मायक्रोस्विच असतो. त्याची एक वायर बोर्डाच्या स्वतंत्र पिनला जाते. दुसरी ग्राउंडची. ती मात्र सामायिक: बोर्डापासून पहिल्या बटणाला, तिथून दुसऱ्याला, अशी सहाव्यापर्यंत. बटण दाबलं नसताना बोर्डातला पुल-अप रेझिस्टर पिनला ५ व्होल्टकडे ओढून धरतो. दाबलं की पिन ग्राउंडला जोडली जाते आणि व्होल्टेज शून्याजवळ येतं. बोर्ड याला ‘बटण दाबलं’ समजतो.

एका संध्याकाळी चौथं, पाचवं आणि सहावं बटण बंद. पहिली तीन व्यवस्थित.

इथे बहुतेक जण काय करतात? नवीन बटणं मागवतात, प्रोग्राम परत टाकतात, सगळ्या वायरी उपसतात. सुरू झालंच तर कशामुळे झालं, ते कळत नाही. म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात.

त्याऐवजी आधी बिघाडाचा आकार बघा. तीन चांगली बटणं एकाच संध्याकाळी, आपापल्या कारणानं खराब होण्याची शक्यता किती? फारच कमी. मग विचारायचं, या तिघांत सामायिक काय आहे? आपल्याकडचे द्राक्ष बागायतदार हेच करतात. ठिबकच्या एका ओळीत शेवटच्या वेलींना पाणी पोचत नसेल, तर कोणी एकेक ड्रीपर बदलत बसत नाही. पाणी जिथवर येतंय आणि जिथून बंद आहे, त्यामधली नळी आधी बघतात.

आता गृहीतकं लिहू:

१. तिन्ही मायक्रोस्विच खराब.
२. बोर्डाच्या तीन पिना किंवा प्रोग्राममध्ये दोष.
३. तिसऱ्या आणि चौथ्या बटणामध्ये ग्राउंडची वायर सुटली.

आता अशी चाचणी शोधा, जिचं उत्तर प्रत्येक गृहीतकानुसार वेगळं येईल. एक सुटी वायर घ्या, बोर्डाच्या ग्राउंडपासून थेट चौथ्या बटणाच्या ग्राउंडला लावा. तिसरं गृहीतक खरं असेल, तर तिन्ही बटणं एकदम चालू झाली पाहिजेत. पहिलं किंवा दुसरं खरं असेल, तर काहीच फरक पडायला नको. हे भाकीत चाचणीच्या आधी वहीत लिहायचं. नंतर लिहिलं, की मन निकालाला साजेशी गोष्ट रचतं.

आमच्याकडे तिन्ही चालू झाली. तिसऱ्या बटणावरून पुढे जाणाऱ्या वायरीची क्लिप निसटलेली होती. खर्च शून्य.

हाच विचार दुसऱ्या एका त्रासाला लावून बघा: बटण एकदा दाबलं, पण गेमनं दोनदा मोजलं. कारण स्विचमधला धातूचा संपर्क आदळून उसळतो आणि काही मिलिसेकंद जोड-तोड, जोड-तोड होत राहते. बोर्ड इतका वेगवान, की तो प्रत्येक उसळी मोजतो. याला बाउन्स म्हणतात. उपाय सोपा: पहिला बदल दिसला की थोडा वेळ पुढचे बदल मोजायचे नाहीत. पण किती वेळ? सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या गेमची एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची असते. ५ मिलिसेकंद थांबलात तर कोणाला कळणार नाही. १०० ठेवलेत, तर भराभर बटण दाबणाऱ्या खेळाडूचे खरे ठोकेही गाळले जातील. डेटा ‘स्वच्छ’ करताना हीच जोखीम असते: गाळणी फार बारीक केली की गोंगाटासोबत सिग्नलही जातो. म्हणून किती गाळलं आणि का, हे थिसिसमध्ये लिहावं लागतं.

तुमच्यासाठी एक काम. सध्या अडलेला प्रयोग किंवा कोड घ्या आणि काहीही न बदलता कागदावर तीन ओळी लिहा: काय चालतंय आणि काय नाही, न चालणाऱ्यांत सामायिक काय, आणि कोणत्या एका चाचणीत माझी दोन गृहीतकं वेगवेगळं उत्तर देतील. तिसरी ओळ लिहिता येत नसेल, तर अजून स्क्रूड्रायव्हर उचलू नका.