खोकल्याची वही

पावसाळा सरत आला की आमच्या तारोडीत घराघरांतून खोकल्याचा आवाज येऊ लागतो. "हवा बदलली ना, होणारच," म्हणत आपण आल्याचा काढा उकळतो नि कामाला लागतो. पण मैत्रिणींनो, हवा बदलली म्हणजे नेमकं काय बदललं, हे कधी विचारलंय आपण?

आपल्याभोवतीच्या हवेत डोळ्यांना न दिसणारे पाहुणे तरंगत असतात. फुलांचे परागकण आणि बुरशीचे बीजाणू. ओल्या भिंतीवर, माळ्यावरच्या चपलांवर बुरशी धरते ना, तिचीच ही बीजं. जास्वंद, भोपळा यांचे परागकण जड नि चिकट. ते कीटकांच्या पायांवरून जातात. जास्त त्रास होतो तो वाऱ्यावर पराग सोडणाऱ्या वनस्पतींचा, म्हणजे नाना तऱ्हेची गवतं, किनाऱ्यावरचा सुरू. पावसाची जोरदार सर आली की पराग धुऊन जातात, पण ओल टिकली की बुरशीचं फावतं.

हे सगळं चक्क मोजता येतं! १९५२ साली इंग्लंडमध्ये जे. एम. हर्स्ट यांनी त्यासाठी एक यंत्र तयार केलं. ते मिनिटाला १० लिटर हवा ओढून घेतं. आत एक चिकट काचपट्टी तासाला २ मिलिमीटर सरकते. हवेतले कण तिच्यावर चिकटतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली ते ओळखायचे नि मोजायचे. कोणत्या तासाला कोण आलं होतं, तेही कळतं. आपल्याकडे औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) डॉ. एस. टी. टिळक आणि आर. एल. कुलकर्णी यांनी १९७० मध्ये असंच एक यंत्र मांडलं. ते 'टिळक एअर सॅम्पलर' म्हणून ओळखलं जातं. आपल्या मराठवाड्याची ही केवढी मोठी गोष्ट!

वर्षानुवर्षांच्या अशा नोंदी आणि हवामान यांची सांगड घातली की अंदाज बांधता येतो. चंडीगडसाठी २०२२ मध्ये परागकणांचं कॅलेंडर प्रसिद्ध झालं. अंदाजाची गरज किती, ते ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नने सोसलं. २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी वादळ आलं, गवताचे परागकण फुटून बारीक झाले नि थेट छातीत शिरले. हजारो लोकांनी दवाखाने गाठले, दहाजणांचा जीव गेला. त्यानंतर तिथे गवताच्या मोसमात 'वादळी दम्या'ची पूर्वसूचना देऊ लागले.

आपल्या छोट्या गावांपर्यंत हे कधी पोचेल ते पोचो. तोवर हातावर हात ठेवून बसायचं का? आमच्या बचत गटातली एक वहिनी दम्याचा पंप पदराआड लपवते. "एकदा लागला की सुटत नाही, असं लोक बोलतात, ताई," म्हणते. लेकीच्या लग्नात आडवं येईल, ही वेगळीच धास्ती. अहो, चष्मा लावतो तसाच पंप. डॉक्टरांनी दिलाय तर नेमाने घ्यायचा. तो चोरून घेण्यात, नाहीतर टाळण्यातच खरा धोका आहे.

तिला मी एक साधी वही करायला सांगितली. दूधवाल्याचा हिशेब ठेवतो ना आपण, तशीच. तारीख, पाऊस की ऊन, वारा कसा, आसपास काय फुललंय, आज माळा झाडला की धान्य पाखडलं, आणि खोकला किती, रात्री झोप मोडली का. दोन-तीन महिन्यांत आपला 'मोसम' आपल्यालाच दिसू लागतो. डॉक्टरांपुढे वही ठेवली की त्यांनाही निदानाला धागा मिळतो.

बाकीचं आपल्या हातात आहेच. भिंतीला ओल का येते ते बघून ती आधी बंद करा. जळमटं काढताना नाक-तोंडाला ओढणी बांधा, कोरडं झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. आणि दमा असलेल्या बाईला माळा साफ करायला चढवू नका; ते काम घरातल्या पुरुषांनाही जमतं, बरं का!